पाचव्या प्रकरणातली बाई

१२ जून

पुस्तक आज साइटवर चढलं. सकाळी मॅडमचा फोन आला, "सर, उघडून बघा," आणि मी चहा तसाच ठेवून बघत बसलो. पहिल्या पानावर आम्हा सगळ्या लेखकांची नावं. माझं शेवटून दुसरं, पण आहे.

आमच्या कॉलेजात पत्रकारितेच्या वर्गाला जे पुस्तक लावलंय ते इतकं महाग आहे की अख्ख्या वर्गात त्याची एकच प्रत फिरते, आणि तिचीही मधली पानं गायब आहेत. बातमीचा पहिला परिच्छेद कसा लिहायचा हे नेमकं त्या गायब पानांवर, त्यामुळे आमची मुलं थेट दुसऱ्या परिच्छेदापासून लिहितात, हा माझा वर्गातला ठरलेला विनोद. म्हणून काही कॉलेजांनी मिळून ठरवलं की पुस्तक आपणच लिहायचं आणि साइटवर मोकळं ठेवायचं. कुणीही घ्या, छापा, बदला, शिकवा. विचारायचीही गरज नाही, फक्त लेखकाचं नाव ठेवा. सगळी जुळवाजुळव मॅडमची. त्या आमच्या ग्रंथालयाच्या प्रमुख, आणि लेखकांच्या मागे लागण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. माझ्या वाट्याला पाचवं प्रकरण आलं, 'मुलाखत'.

आयुष्यभर वर्तमानपत्रात बसून दुसऱ्यांची वाक्यं कापली, मग इथे शिकवायला लागलो. स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच. बायकोला म्हटलं, माझं प्रकरण आता जगजाहीर झालं. ती म्हणाली, "अहो, असं सांगत सुटू नका. लोक भलतंच समजतील."

भाचीने दुपारीच घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. माझा एक जुना, पोट न दिसणारा फोटो आणि खाली, "माझ्या मामाचं पुस्तक. फुकट आहे म्हणून फुकाचं समजू नका." तिचं औषधांचं दुकान आहे. म्हणाली, कॉलेजातली जी पोरं दुकानात येतात त्या सगळ्यांना लिंक देणार आहे, सर्दीच्या गोळ्यांबरोबर.

ऊर भरून आला. खोटं कशाला लिहू.

१५ जून

दुसऱ्या लेखकांचेही फोन येताहेत. सगळे एकच म्हणतात, पाचव्या प्रकरणातली ती मुलाखत वाचून अंगावर काटा आला. प्रकरणाचा जीव तिथेच आहे, मला माहीत होतं. बाकी सगळं कुणीही लिहिलं असतं: तयारी करून जा, हो-नाही असं उत्तर येणारा प्रश्न टाळा, वगैरे. माझं म्हणणं शेवटी येतं. उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. गप्प बसा. समोरचा माणूस ती शांतता भरून काढतो, आणि खरं ते तेव्हा बाहेर येतं. नमुना म्हणून खाली 'क्ष बाईं'ची मुलाखत.

क्ष बाई म्हणजे माझी ताई.

इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. ताई निवृत्त होईपर्यंत बसस्थानकावर गाड्या पुकारायची. फलाट अमुक, गाडी तमुक, सुटायची वेळ. घरी तिचा आवाज साधाच. माईकवर तो वेगळाच, एकदम तुकतुकीत व्हायचा. हिवाळ्यात कॉलेजचा रेकॉर्डर घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, कामाबद्दल बोल, मुलांना नमुना दाखवायचाय. ती छान बोलली. मग भाऊजींचा विषय आपोआप निघाला. भाऊजी दुसऱ्या गावी नोकरीला होते, रविवारपुरते घरी यायचे. तिथेच त्यांना झटका आला आणि तिथल्याच हॉस्पिटलात गेले. ताई पोचेपर्यंत संपलं होतं. गाडी मिळाली नाही म्हणून उशीर झाला, हे आम्हा सगळ्यांना तेव्हापासून ठाऊक.

मी गप्प बसलो. माझीच युक्ती. आणि ताई म्हणाली, "गाडी होती रे. मीच पुकारली. एक सोडली, दुसरी सोडली. बाकावर बसून होते."

अंगावर काटा तेव्हा माझ्याही आला. ताईसाठी आला की प्रकरणासाठी, ते तपासलं नाही.

२० जून

बायकोने आज भाजी निवडता निवडता विचारलं, "ताईंनी वाचलं का?"

म्हटलं, तिला कुठे एवढं मोबाइलवर वाचायला जमतंय.

"पण विचारलं होतंत ना त्यांना?"

विचारलं होतं. फोन केला होता. म्हटलं, ताई, ते बोललीस ते पुस्तकात घेऊ का, नाव घालणार नाही. ती म्हणाली, "घे की. माझं गाड्या पुकारायचंच ना?" मी म्हणालो, हो. म्हणजे 'हो' आधी म्हणालो आणि मग 'आणि थोडं इकडचं तिकडचं' असं पुटपुटलो. तिला ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

बायकोला एवढंच सांगितलं की विचारलं होतं.

काळजी मी घेतली आहे. नाव नाही, गाव नाही. भाऊजींना 'यजमान' केलं. ताई म्हणाली होती, "पोरीला सांगितलं, गाडी मिळाली नाही." पोर म्हणजे आमची भाची; तिथे 'घरी सांगितलं' असं केलं. शेवटी ती बरंच घरगुती काही बोलत राहिली होती, ते सगळं कापलं. 'बाकावर बसून होते' इथेच मुलाखत संपवली. तिथे ती टोकदार होते. कुठे थांबायचं हे कळणं म्हणजेच संपादन, हे वाक्यही प्रकरणात आहे.

फलाट आणि माईक मात्र ठेवले. ते काढले असते तर काही उरलंच नसतं.

१ जुलै

आज जे वाचलं ते वाचून दिवसभर कुणाच्या तोंडाकडे बघवलं नाही.

एका लांबच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाचं पत्र आलं, ईमेलने. ओळखदेख नाही. खूप आनंदाने लिहिलंय. आमचं पुस्तक त्यांनी उतरवून घेतलं, त्यांच्या मुलांच्या गरजेप्रमाणे बदललं, मुलाखतीखाली एक स्वाध्याय घातला: 'या बाईंच्या मुलाखतीला मथळा द्या.' वर्गाने म्हणे एवढ्या हौसेने आजवर काही केलेलं नाही. त्यांतले निवडक मथळे त्यांनी त्यांच्या साइटवरही लावलेत, आणि मला खास पाठवलेत.

'माईकवर गोड, मनात विष.'

'नवरा घटका मोजतोय, बायको गाड्या.'

'पतीसाठी गाडी होती, पत्नीला घाई नव्हती.'

बाकीचे लिहवत नाहीत. एकाने चित्रही काढलंय, बाकावर बसलेली जाडी बाई, हातात माईक. ताई जाडी नाही. कशाचं वाईट वाटावं, तर आधी मला त्याचंच वाटलं.

आणि हे लिहिलं नाही तर ही वही ठेवण्यात अर्थ नाही: तिसरा मथळा वाचताना क्षणभर मनात आलं, हा जमलाय. 'पत्नीला'च्या जागी 'तिला' घातलं तर आणखी सुटसुटीत होईल. मनातल्या मनात मी तो दुरुस्तही केला. माझ्या बहिणीवरचा मथळा. नंतर बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं.

२ जुलै

मॅडमकडे गेलो. ग्रंथालयात मुलं होती म्हणून त्या मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या, जिथे फाटलेली पुस्तकं चिकटवायला ठेवतात. मी म्हटलं, पाचव्या प्रकरणातली मुलाखत काढायची आहे.

"का? सगळ्यांना आवडलीय."

"ओळख पटू शकते. त्या बाईंची."

"परवानगी आहे म्हणाला होतात तुम्ही."

"आहे. तशी आहे."

मॅडमनी डिंकाच्या बाटलीचं बूच लावलं. "तशी म्हणजे कशी, सर?"

मी एक फाटकं पुस्तक उचलून त्याची पानं जुळवू लागलो. एवढंच म्हणाल्या, "आपल्या साइटवरचं मी आजच बदलते. पण बाहेर गेलं ते गेलं. आपणच लोकांना सांगितलंय, घ्या, वापरा. नळ बंद करता येईल, पण ज्यांनी बादल्या भरून नेल्या त्यांच्या दारात कसं जायचं?"

किती जणांनी नेलंय ते त्या सांगणार होत्या. मी नको म्हटलं. पुस्तक आलं त्या आठवड्यात हाच आकडा मी रोज विचारत होतो.

त्या मुलाखतीच्या जागी एक घड्याळ दुरुस्त करणारा घातला. बसल्या बसल्या रचला. त्या प्राध्यापकांनाही लिहिलं की काही तांत्रिक कारणाने तो मजकूर वापरू नये. तांत्रिक! लिहिताना एक बोट थांबलं होतं, बाकीच्यांनी टाइप केलं.

८ जुलै

रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून भाचीच्या दुकानात गेलो. खरं तर दोन गोळ्या शिल्लक होत्या. तिचा चेहरा बघायचा होता.

ती काउंटरवर वाकून औषधांची पाकिटं लावत होती. वर न बघताच म्हणाली, "मामा, पाचव्या प्रकरणातली बाई बदललीस का रे?"

"तू वाचलंस?"

"मामाचं पुस्तक आहे, वाचणार नाही? पहिल्या दिवशीच वाचलं. काल एका पोराला उघडून दाखवत होते, तर तिथे घड्याळवाला. फार शहाण्यासारखा बोलतो तो. आधीची बाई खरी वाटत होती."

"काही दुरुस्त्या होत्या."

"त्या बाईचं पुढे काय झालं?"

"पुढे म्हणजे?"

"म्हणजे तिने घरी सांगितलं का कधी? नंतर?"

"अगं, ती काल्पनिक आहे. मुलांसाठी रचलेली."

तेव्हा तिने वर पाहिलं. "असं होय," म्हणाली, आणि मागे वळून गोळ्या काढल्या. पाकिटावर ती मला नेहमी पेनने मोठ्या अक्षरांत 'सकाळी' लिहून देते, कारण मी एकदा एकाच दिवशी दोन वेळा घेतल्या होत्या. आज काही न लिहिताच दिली. दुकानात गर्दी नव्हती, पण माल यायचा असेल, त्या गडबडीत राहिलं बहुतेक.

सुटलो. तिला कळलेलं नाही. चालत घरी आलो आणि त्या मथळ्यांनंतर पहिल्यांदाच पोटभर जेवलो.

१३ जुलै

सुटलो वगैरे काही नाही.

सकाळी ताईचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "छोट्या, पोरीचं काही बिनसलंय का रे? तुला काही बोलली?"

"नाही. का?"

"गेल्या आठवड्यात आली होती. बसलीसुद्धा नाही. दारातच उभी राहून मला विचारते, आई, बाबांच्या गावाला तेव्हा दिवसाला किती गाड्या होत्या गं? मी म्हटलं, तासाला एक. तोंडातून गेलं बघ, सवयीने. कुणीही विचारलं तरी मी वेळापत्रक सांगते. ती हं म्हणाली आणि गेली. त्यानंतर फोन उचलत नाही."

मी फोन या कानावरून त्या कानाला नेला.

"हॅलो? आहेस ना?"

"आहे."

"तू बघ ना जरा तिच्याशी बोलून. तुझं ऐकते ती."

बायको समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, सगळं, मथळ्यांसकट. तिने ऐकून घेतलं. मग एक टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली आणि म्हणाली, "माझंही काही छापलंय का कुठे? आत्ताच सांगा."

१४ जुलै

रेकॉर्डर कॉलेजच्या कपाटातून काढला आणि रिकाम्या वर्गात बसून मूळ मुलाखत ऐकली. कशासाठी? ताईला तोंड दाखवायच्या आधी आपल्या बाजूने काही सापडतं का बघायला. तिनेच म्हटलं असेल, 'हे पण घाल हो,' असं काहीतरी.

सापडलं ते असं. जसंच्या तसं उतरवतो, एकही शब्द न कापता.

"बाकावर बसून होते. तो मारायचा नाही रे मला. बोलायचा नाही. रविवार अख्खा जायचा, एक शब्द नाही. मी दिवसभर एवढ्या लोकांशी बोलणार आणि घरी मला कुणी हाकसुद्धा मारणार नाही. वाटलं, बसू दे थोडं. त्याला वाट बघू दे. तो मरेल असं नव्हतं वाटलं. आणि मग तिसरी गाडी लागली तेव्हा एकदम आठवलं, पोर तिथे एकटी आहे. तिच्या कॉलेजसाठी ती त्याच्याकडे राहायची ना. तिनेच आमच्या स्थानकाच्या कंट्रोल रूमला फोन केला होता, आई लवकर ये. आणि मला ती आठवलीच नव्हती. एवढा वेळ. आई ना मी? त्याचं मला काही नाही. पण हिला मी तिथे एकटीला बसवलं. सतरा वर्षांची पोर. ते तिला सांगायचंय मला, छोट्या. किती वर्षं झाली, तोंडच उघडत नाही. गाड्या काय कुणीही पुकारेल. तू शिकवतोस ना, लोकांना कसं बोलतं करायचं ते? मग हे पण शिकव. कसं सांगू मी तिला?"

यानंतर मी आहे. माझा आवाज. "बरं ताई. खूप छान झालं हे. थांबवू आता?"

मला हे आठवत नव्हतं. शपथेवर सांगतो, आठवत नव्हतं. 'शेवटी बरंच घरगुती काही बोलली' एवढंच डोक्यात होतं. घरगुती! तिने मला प्रश्न विचारला होता. अख्ख्या मुलाखतीत तिने मला विचारलेला एकच प्रश्न, आणि मी बटण दाबलं.

वर छापलं काय, तर नवरा मरत असताना थंडपणे बसून राहिलेली बाई. आणि ते तिच्या पोरीने वाचलं. वर्गात मी ओरडत असतो, की माणसाचं वाक्य अर्ध्यावर तोडलंत तर ते खोटंच छापल्यासारखं आहे. ती ओळ माझ्याच प्रकरणात आहे, तीन पानं आधी.

फळा पुसणारा शिपाई आत आला आणि मला बघून परत गेला.

१५ जुलै

ताईकडे गेलो. पानं छापून नेली होती, रेकॉर्डरही.

तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. मी समोर बसून तिच्या बोटाकडे बघत होतो. कुठल्या ओळीवर आहे ते मला कळत होतं. संपल्यावर तिने पान उलटून बघितलं, मागे काही आहे का.

"मी एवढंच बोलले?"

"नाही."

"मग बाकीचं कुठे गेलं?"

"कापलं."

"का?"

"लांब झालं होतं."

"लांब झालं होतं," ती म्हणाली. चिडून नाही, माझं म्हणणं नीट ऐकू आलंय ना हे बघावं तसं. मग पानं जुळवून मला परत दिली. "आणि हे पोरीने वाचलंय."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"तिने मला दुकानात विचारलं होतं. मी म्हटलं, काल्पनिक आहे."

ताई उठून खिडकीशी गेली. कुंडीतली वाळकी पानं खुडत राहिली. तिथूनच म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, छोट्या. कसं सांगू म्हणून. तू म्हणालास थांबवू का. मला वाटलं, बिचाऱ्यालाही सुचत नाहीये. म्हणून परत विचारलं नाही. मला तुझी दया आली होती रे."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हटलं, मी जाऊन भाचीला सगळं सांगतो, माझी चूक, पाया पडतो.

"तू काही सांगायचं नाहीस. माझं जेवढं सांगितलंस तेवढं पुरे." आणि रेकॉर्डरकडे बोट दाखवून, "ते इथे ठेव. कसं चालू करायचं ते दाखव."

दाखवलं. लाल बटण, हिरवं बटण. तिने दोनदा करून बघितलं.

१९ जुलै

आज भाची ताईकडे आली. कशी आली, ताईने काय म्हणून बोलावलं, माहीत नाही. ताईने मलाही बोलावलं होतं.

मी पोचलो तेव्हा दोघी समोरासमोर बसलेल्या, मध्ये टीपॉयवर रेकॉर्डर. भाची दुकानाच्या कपड्यांतच होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काल्पनिक बाई कशी आहे, मामा?"

मी म्हटलं, "चुकलो गं."

"कशात?"

"छापायला नको होतं."

"छापलंस त्याचं मी बघेन. मी तुला सरळ विचारलं होतं, मामा. दुकानात, समोर उभं राहून. त्या बाईने घरी सांगितलं का? माझी छाती किती धडधडत होती तुला माहितीये? आईला विचारायची हिंमत नव्हती म्हणून तुला विचारलं. आणि तू म्हणालास, रचलीय. म्हणजे मला दोन दिवस वाटत होतं, खरंच रचली असेल. मीच वेडी. मीच आईबद्दल असलं काही मनात आणतेय."

ताई म्हणाली, "छोट्या, तू जा आता."

मी म्हणालो, "मी बसतो ना. काही लागलं तर."

"काही लागणार नाही."

चपला घालायला मी जरा वेळ लावला. खरं लिहितो, मुद्दाम लावला. ऐकायचं होतं. दार लागलं आणि जिन्यात असतानाच आतून माझाच आवाज आला, रेकॉर्डरमधला, हसरा, "हं ताई, सुरुवात करू या का?" तसा मी जिना उतरून रस्त्यावर आलो आणि बस मिळेपर्यंत चालतच राहिलो.

९ ऑगस्ट

मधल्या दिवसांत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं जे होतं ते माझ्या घरात घडत नव्हतं.

माझ्या बाजूचं एवढंच. त्या लांबच्या प्राध्यापकांना नवं पत्र लिहिलं, या वेळी कारण खरं दिलं, की बाई खऱ्या आहेत, त्यांची नीट परवानगी मी घेतलेली नव्हती, आणि त्यांचं म्हणणं मी अर्ध्यावर तोडलं होतं. त्यांचं तीन ओळींचं उत्तर आलं. पहिल्या पत्रातला आनंद त्यात नव्हता. स्वाध्याय काढलाय, साइटवरचे मथळेही हटवलेत. मॅडम म्हणतात, आणखी दोन ठिकाणी ती जुनी प्रत आहे, तिथल्या लोकांना त्या लिहिताहेत. सगळीकडून निघेल असं त्या म्हणत नाहीत, आणि मी विचारत नाही.

घड्याळवालाही काढला. प्रकरणात आता नमुना नाही. मॅडमना म्हटलं, माझं नावही काढा. त्या म्हणाल्या, "नाव राहू दे, सर. पुस्तक फुकट आहे, पण चुकलं तर जाब विचारायला कुणीतरी हवं ना." तर नाव आहे. शेवटून दुसरं.

आज ताईने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. फोनवर एवढंच, "रविवारी या. तीही आहे."

भाचीने दार उघडलं. बायकोला मिठी मारली, मला "ये" म्हणाली. आत दोघी मायलेकी स्वयंपाकघरात होत्या. मला बाहेरच्या खोलीतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, पण ते मिठाचं आणि गॅस बारीक करण्याचं होतं. एकदा ताई कशावर तरी हसली, आणि भाची म्हणाली, "आई, पुरे हं." त्या दिवशी दार लागल्यावर आत काय झालं, कोण किती रडलं, कोण कुणाला काय म्हणालं, मला कळलेलं नाही. बायकोला कळलंय असं तिच्या चेहऱ्यावरून वाटतं. तिलाही मी विचारलेलं नाही.

जेवायला बसलो. ताईने भाचीला वाढलं, भाचीने माझ्या बायकोला, बायकोने ताईला. भांडी माझ्या समोरून गेली. कुणी मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही. तिघी बोलत होत्या, दुकानाच्या वरच्या मजल्यावर पाणी गळतंय त्याबद्दल. मी थोडा वेळ रिकाम्या ताटाकडे बघत बसलो. मग उठलो, ओट्यापाशी जाऊन स्वतःच वाढून घेतलं आणि परत आलो. बोलणं थांबलं नाही. कुणी मान वर केली नाही.

पण मी उठल्यावर माझी खुर्ची कुणी बाजूला केली नव्हती. मी बसलो आणि जेवलो.